दुष्काळातील निराधार बालके आणि केडगावचे मुक्तिसदन

१. प्रश्नाचे स्वरूप

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम व मध्य भारतावर लागोपाठ दोन मोठे दुष्काळ कोसळले. पहिला १८९६–९७ चा व दुसरा १८९९–१९०० चा. या दुष्काळांचा विचार करताना शेतसारा, धान्याचे भाव, सरकारी दुष्काळी कामे व स्थलांतर या बाजूंकडे अभ्यासकांचे लक्ष साहजिकच अधिक गेले आहे. दुष्काळात आईबाप दगावलेल्या किंवा आईबापांनी नाइलाजाने सोडून दिलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. वास्तविक या प्रश्नाशी धर्म, कायदा व समाजसुधारणा या तिन्ही विषयांचा निकटचा संबंध आहे.

अशा मुलांना उचलून आणून वाढविण्याचे काम ज्या संस्थांनी केले, त्यांत पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनाचे स्थान अग्रभागी आहे. या संस्थेविषयी मराठीत दोन तऱ्हांनी लिहिले गेले. एका पक्षाने तिला निःस्वार्थ ख्रिस्ती सेवेचा आदर्श मानले. दुसऱ्या पक्षाने तिच्याकडे आपद्ग्रस्तांच्या धर्मांतराचे साधन म्हणून पाहिले. या दोहोंपैकी एकाची बाजू घेऊन निवाडा देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. बालकाचा जीव वाचविणे, त्याचे संगोपन करणे आणि त्याचे पालकत्व स्वीकारणे ही तीन कृत्ये परस्परांहून भिन्न असून त्यांची योग्यायोग्यता वेगवेगळ्या कसोट्यांवर ठरवावी लागते, एवढे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. हा भेद दृष्टीआड झाल्यामुळेच मुक्तिसदनासंबंधीचा वाद पुष्कळदा निष्फळ ठरला, असे आम्हांस वाटते.

२. पूर्वपरंपरा

निराधार बालकाचे रक्षण हे ख्रिस्ती धर्मात केवळ भूतदयेचे अंग नाही. तो उपासनेचाच भाग मानला गेला आहे. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात अनाथ व विधवा यांची काळजी घेण्याचा संबंध शुद्ध धर्माचरणाशी जोडलेला आहे. रोमन जगात नकोशी झालेली अर्भके उघड्यावर टाकून देण्याची चाल होती. तिचा निषेध आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी सातत्याने केला. पुढे मध्ययुगात मठ व धर्मसंघ यांनी टाकलेल्या मुलांचा भार उचलला, आणि पंधराव्या शतकात फ्लॉरेन्ससारख्या नगरात त्यांच्यासाठी स्वतंत्र व भव्य वास्तू उभी राहिली.

केडगावच्या दृष्टीने महत्त्वाची परंपरा मात्र याहून अलीकडची आहे. जर्मनीतील हाले येथे ऑगस्ट हेरमान फ्रांके या धर्मोपदेशकाने १६९५ पासून गरीब मुलांसाठी शाळा व अनाथगृह यांची उभारणी केली. त्याच हाले येथील विद्यापीठात १८२५ साली जॉर्ज म्युलर हा प्रशियन तरुण दाखल झाला आणि काही काळ फ्रांकेच्या अनाथगृहाच्या आवारात राहिला. पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर म्युलरने १८३६ साली ब्रिस्टल शहरात तीस मुलींसाठी एक घर उघडले. १८७० पर्यंत ॲशली डाउन येथे त्याच्या पाच इमारती उभ्या राहिल्या होत्या व त्यांत दोन हजारांहून अधिक मुलांची सोय होती. १८९८ मध्ये म्युलर निवर्तला तोपर्यंत दहा हजारांच्या आसपास मुले त्याच्या छत्राखाली वाढून गेली होती. कोणाही मनुष्याकडे द्रव्याची याचना करावयाची नाही, गरज ईश्वरापुढे मांडावयाची आणि जे येईल त्यावर संस्था चालवावयाची, असा त्याचा नेम होता. रमाबाईंनी म्युलरचे चरित्र वाचले होते. असा विश्वास हिंदुस्थानात ठेवून चालता येईल काय, हा विचार त्या वाचनाने आपल्या मनात आला, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे.

या परंपरेची एक विरुद्ध बाजूही आहे आणि ती आपल्या किनारपट्टीच्या इतिहासातच आढळते. मार्च १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावे निघालेल्या हुकुमान्वये गोव्यातील ज्या हिंदू मुलांना आई, बाप, आजा, आजी यांपैकी कोणी उरले नाही, अशांना सेंट पॉल महाविद्यालयाच्या स्वाधीन करून त्यांना ख्रिस्ती दीक्षा द्यावी असे ठरविण्यात आले. येथे अनाथाच्या रक्षणाची भाषा कायम आहे. परंतु तिच्यामागे राजसत्तेचा दंड उभा आहे. नातलग आपली मुले लपवू लागले किंवा सीमेपलीकडे घेऊन जाऊ लागले, हा त्या हुकुमाचा परिणाम होता. ब्रिस्टल व गोवा ही दोन टोके ध्यानात ठेवली म्हणजे केडगावचे स्थान ठरविणे सोपे जाते. केडगावला राजसत्तेची आज्ञा नव्हती. पण ज्या मुलांना तेथे आणले गेले त्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणणारेही कोणी नव्हते.

३. शारदा सदन आणि पालकांचा अधिकार

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई व मुली यांना संस्कृत शिकविले आणि कुटुंबासह तीर्थयात्रा करीत पुराणकथनावर चरितार्थ चालविला. १८७४ नंतरच्या दक्षिणेतील दुष्काळी वर्षांत वडील, आई व थोरली बहीण थोड्याच अवधीत वारली. उरलेली दोन भावंडे, रमाबाई व श्रीनिवास, अन्नान्न करीत देशभर फिरली. मुक्तिसदनाच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व जितके मानावे तितके थोडेच आहे. १८९७ साली मध्य प्रांतात गेलेली बाई दुष्काळ बाहेरून पाहावयास गेली नव्हती. वीस वर्षांपूर्वी ती स्वतःच दुष्काळाने पोरकी केलेली मुलगी होती. आपण तेथे का गेलो, हे सांगताना त्यांनी स्वतःही या जुन्या अनुभवाचा हवाला दिला आहे.

१८७८ मध्ये कलकत्त्यास ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या, १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, १८८२ मध्ये वैधव्य, त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना आणि सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा, हा चरित्रक्रम सुपरिचित आहे. अमेरिकेत मिळविलेल्या साहाय्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी निघालेल्या या गृहात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल, असे आश्वासन होते. मुलींना आपापले सोवळेओवळे पाळण्याची मुभा होती. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळावर होते.

तथापि रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. आपण कोणास बोलावीत नाही व कोणास अडवीतही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. ‘केसरी’ने यावर कडक टीका केली. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृतींनी सदनाशी असलेला संबंध सोडला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या प्रकरणात कोणाचे चुकले याची चर्चा पुष्कळ झाली आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. शारदा सदनातील प्रत्येक मुलीमागे कोणी तरी पालक होता. त्याला संस्थेचे वर्तन पसंत पडले नाही तेव्हा त्याने मुलीस घरी नेले. मुलीस स्वतःला काय वाटत होते हे बहुधा कोणी विचारले नाही, हे खरे. पण संस्थेच्या सत्तेला बाहेरून एक मर्यादा होती, हेही तितकेच खरे. चार वर्षांनंतर दुष्काळातून जी मुले आली त्यांच्या बाबतीत ही मर्यादा उरली नाही.

४. दुष्काळ आणि सुटका

१८९६ च्या पावसाने दगा दिल्यावर मध्य प्रांतात हाहाकार उडाला. १८९७ च्या आरंभी रमाबाई तेथे गेल्या. सरकारी गरीबखाने व दुष्काळी कामे यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही अस्वस्थ करणारे आहे. अन्नाचा तुटवडा हा तेथील एकच धोका नव्हता. एकट्या पडलेल्या तरुण मुलींवर मुकादम, शिपाई व दलाल यांची नजर असे, आणि वेश्याव्यवसायासाठी मुली हेरणारी माणसे या जागांभोवती घिरट्या घालीत, असे त्यांनी लिहिले. म्हणूनच मुलींना जागेवर अन्न पोहोचविणे त्यांना पुरेसे वाटले नाही. तेथून त्यांना हलविणे अवश्य वाटले. ‘सुटका’ हा शब्द केडगावच्या संदर्भात याच अर्थाने समजून घ्यावयास हवा.

या प्रवासातून सुमारे ३०० मुली आणल्या गेल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ होती. नव्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई झाली, तेव्हा फळबागेसाठी पूर्वी घेऊन ठेवलेल्या केडगावच्या जमिनीवर छपरे उभारून त्यांना तेथे नेण्यात आले. कित्येक मुली इतक्या खंगलेल्या होत्या की त्या वाचू शकल्या नाहीत. १८९८ मध्ये तेथे मुक्तिसदनाची रीतसर प्रतिष्ठापना झाली. ‘मुक्ति’ हा शब्द रमाबाईंनी आपल्या पूर्वसंस्कारांतून उचलला आणि त्यावर ख्रिस्ती तारणाचा अर्थ चढविला. दुष्काळातून झालेली सुटका व आत्म्याची सुटका हे दोन्ही अर्थ त्या एका नावात एकत्र आले, आणि पुढील वादाचे बीजही तेथेच पडले.

१८९९–१९०० च्या दुष्काळाने, ज्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणत, गुजरात, काठेवाड व राजपुताना होरपळून निघाला. या वेळी रमाबाईंनी आपल्या हाताखाली तयार झालेल्या स्त्रियांनाही मुली आणण्यासाठी पाठविले. दुष्काळातून वाचलेल्या काही जणी आता इतरांना वाचविण्यास निघाल्या होत्या, ही गोष्ट संस्थेच्या स्वभावावर प्रकाश टाकणारी आहे. १९०० च्या सुमारास केडगाव येथील रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. उच्चवर्णीय विधवांसाठी सुरू झालेले कार्य या दोन दुष्काळांनी सर्व जातींच्या व अनेक प्रांतांच्या मुलींपर्यंत नेले. रमाबाईंच्या कार्यात झालेले हे सर्वांत मोठे स्थित्यंतर होय.

याच काळातील आणखी एका प्रसंगाचा उल्लेख करणे अवश्य आहे. प्लेगच्या बंदोबस्तात आपल्या संस्थेतील एका मुलीस सरकारी प्लेग रुग्णालयात नेण्यात आले व नंतर तिचा ठावठिकाणा लागेना, तेव्हा मे १८९७ मध्ये रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’ या पत्रात पत्र लिहून तेथील व्यवस्थेवर, विशेषतः स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत, गंभीर आरोप केले. ब्रिटिश पार्लमेंटात यावर प्रश्न विचारला गेला आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप नाकारले. ख्रिस्ती झालेली बाई म्हणजे सरकारची हस्तक, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग विचारात घ्यावा. एका मुलीसाठी त्यांनी राज्यकर्त्यांचा रोष पत्करला. बालकाच्या रक्षणाचे कर्तव्य त्यांनी राजनिष्ठेच्या वर ठेवले होते, हे यावरून स्पष्ट होते.

५. संगोपन

जीव वाचल्यानंतर संगोपनाचा प्रश्न येतो. शिक्षण आणि पोट भरण्याचे कौशल्य या दोन पायांवर मुक्तिसदन उभे होते. शाळेच्या जोडीला विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, दुग्धालय, शेती, धुलाई व छापखाना अशी कामे मुलींना शिकविली जात. विहिरी खोदून माळरान भिजविण्यात आले. अंध मुलींसाठी बर्तिमी सदन होते व तेथे ब्रेल लिपी शिकविली जाई. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, तर मुलांसाठी सदानंद सदन निघाले. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात तयार झाले. खिळे जुळविण्यापासूनची कामे सदनातील स्त्रियांनी केली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाले, तोपर्यंत हे काम पूर्णत्वास आले होते.

स्त्रियांच्या हातांनी व स्त्रियांच्या व्यवस्थापनाखाली चाललेली एवढी मोठी वसाहत त्या काळच्या महाराष्ट्रात दुसरी नव्हती. ही संस्था कोणत्याही परदेशी मिशनच्या अंमलाखाली नव्हती. वाँटेजच्या भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारातून रमाबाईंची स्वतंत्र वृत्ती दिसून आलीच होती. पैसा पुष्कळ अंशी परदेशातून आला. परंतु निर्णय केडगावात होत. मुलींचा पोशाख सुती साडीचा व आहार देशी पद्धतीचा राहिला. तेव्हा संगोपनाच्या कसोटीवर मुक्तिसदन उत्तम उतरते, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

६. पालकत्वाचा वाद

खरा प्रश्न तिसरा. ज्या मुलीचे कोणी उरले नाही तिचा धर्म कोणी ठरवावा? मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. शारदा सदनाच्या आरंभी दिलेले तटस्थतेचे आश्वासन तिला लागू नव्हते, आणि रमाबाईंनी ही गोष्ट कधी लपविली नाही. मुलींचे बाप्तिस्मे मोठ्या संख्येने झाले. १९०५ साली तेथे उसळलेल्या धार्मिक पुनरुज्जीवनाच्या लाटेत अल्पवयीन मुलीही सामील होत्या. ज्या हातांनी मरणातून ओढून काढले, त्याच हातांनी दाखविलेला मार्ग त्यांनी स्वीकारला. या स्वीकारात कृतज्ञता किती, श्रद्धा किती आणि अन्य पर्यायाचा अभाव किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. रमाबाईंच्या दृष्टीने या प्रश्नाला उत्तर होते. आपणांस जे सर्वश्रेष्ठ वाटते ते मुलास न देणे हाच त्यांच्या मते अन्याय ठरला असता. विरोधकांच्या दृष्टीनेही उत्तर होते. मूल ज्या समाजात जन्मले त्या समाजाचा त्याच्यावरील हक्क आईबापांच्या मृत्यूने नष्ट होत नाही, असे ते म्हणत.

कायदा या दोहोंच्या मध्ये उभा होता. १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टने पालक नेमताना बालकाचे हित पाहावे आणि त्यात त्याच्या धर्माचाही विचार करावा, असे सांगितले होते. पण दुष्काळातील पोरकी मुले न्यायालयापर्यंत पोहोचत नसत. सरकारच्या दुष्काळविषयक नियमांचा रोख असा होता की प्रथम नातलगांचा शोध करावा, ते न मिळाल्यास स्वधर्मीय संस्थेस मूल द्यावे आणि तेही शक्य नसल्यास अन्य संस्थेचा विचार करावा. या नियमातील अडचण उघड होती. मुलांना घेण्यास तयार अशा स्वधर्मीय संस्था होत्या कोठे?

येथे विरोधकांची बाजू दुबळी होती आणि त्यांच्यातील विचारी माणसांना ती कळतही होती. असे प्रयत्न मुळीच झाले नव्हते असे नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते आणि १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाच्या वतीने धनकवडी येथे मुलांसाठी आश्रम चालविला होता. पंढरपूर येथे १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचे अनाथ बालकाश्रम सुरू झाले होते. परंतु दुष्काळाच्या व्याप्तीपुढे हे प्रयत्न तोकडे होते. उत्तरेत लाला लजपतराय यांनी हिंदू अनाथांच्या साहाय्याची चळवळ उभी केली व १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे या प्रश्नावर साक्ष दिली. मिशनऱ्यांचा निषेध करून भागत नाही, मुले स्वतः वाढविली पाहिजेत, हे त्यांनी कृतीने दाखविले.

महाराष्ट्रात याच जाणिवेचे फळ पुण्यात दिसते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली व पुढे १९०० मध्ये आश्रम हिंगण्यास नेला. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशीच कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला होता, हे येथे विसरता येत नाही. हिंगणे व केडगाव ही परस्परविरोधी म्हणून दाखविली जातात. परंतु एकीच्या उदाहरणावाचून दुसरीची उभारणी त्याच वेळी व त्याच रीतीने झाली असती काय, याची शंका वाटते. विरोधकांनाही कर्तव्याची जाणीव करून देणे, हे या ख्रिस्ती सेवाकार्याचे एक अप्रत्यक्ष पण टिकाऊ फळ होय.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, सुटकेच्या कृत्याबद्दल वाद संभवत नाही. १८९७ व १९०० साली या मुली जेथे होत्या तेथे त्यांच्यापुढे मृत्यू किंवा बाजार एवढेच मार्ग उरले होते, आणि त्यांच्याकडे जाणारी माणसे थोडी होती. जो गेला नाही त्याला जाणाऱ्याचा हेतू तपासण्याचा अधिकार आहे, पण तो अधिकार बजावण्यापूर्वी आपण का गेलो नाही याचे उत्तर त्याने द्यावयास हवे. दुसरी, संगोपनाच्या बाबतीत केडगावने स्त्रियांच्या स्वावलंबनाचा जो पायंडा पाडला त्याचे मोल धर्मनिरपेक्ष दृष्टीनेही मोठे आहे. तिसरी, पालकत्वाच्या बाबतीत मात्र सेवाभावना स्वतःची मर्यादा स्वतः आखू शकत नाही. ती जितकी उत्कट, तितकी तिला आपली खात्री अधिक असते. बालकाचे मन घडविण्याच्या तिच्या सामर्थ्यास बाहेरूनच कोणी तरी सीमा घालून द्यावी लागते. शारदा सदनाच्या बाबतीत ती सीमा पालकांनी घातली. दुष्काळातील मुलींच्या बाबतीत ती घालण्यास कोणी नव्हते.

ही सीमा कायद्याने आखण्यास पुढे फार काळ लागला. १९२४ मध्ये मुंबई इलाख्यासाठी बालक अधिनियम झाला आणि निराधार मुलांविषयी शासनाची जबाबदारी प्रथमच व्यवस्थित रूपात मान्य झाली. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने तर स्वतःविषयीच्या निर्णयात बालकाचे म्हणणे ऐकून घेतले जावे, हे तत्त्व नमूद केले. १८९३ मध्ये पालकांनी आणि १८९७ मध्ये रक्षणकर्त्यांनी जो प्रश्न मुलीला विचारला नाही, तो विचारणे आता कायद्याने आवश्यक मानले आहे.

मुक्तिसदनाविषयीचे बहुतेक साहित्य रमाबाईंनी, त्यांच्या चाहत्यांनी अथवा टीकाकारांनी लिहिलेले आहे. त्यात मुली मोजल्या जातात, त्यांची छायाचित्रे छापली जातात, त्यांच्या नावाने देणग्या मागितल्या जातात किंवा आरोप केले जातात; त्या स्वतः क्वचितच बोलतात. पुढील संशोधकांनी संस्थेचे अहवाल, विवाहनोंदी व कुटुंबांतील आठवणी यांच्या आधारे या मुलींचे पुढील आयुष्य उलगडून पाहिले पाहिजे. वाचविणाऱ्यांचा व विरोध करणाऱ्यांचा इतिहास पुष्कळ लिहून झाला आहे. ज्यांच्यासाठी हे सारे घडले, त्या मुलींचा इतिहास लिहिण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.